पुनरुत्थानाचा धडा मुलांना कसा शिकवू?

वसईची_शिक्षिका
नऊ वर्षं मी आमच्या चर्चमध्ये रविवारी सहावी-सातवीच्या मुलांना धर्मशिक्षण देते. यंदा ईस्टरच्या धड्यासाठी चारही शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्या नावाची येशूची चरित्रं, उघडून वहीत रकाने आखले. येशूच्या कबरीपाशी पहाटे कोण गेलं? मार्क तीन बायका सांगतो, मत्तय दोन, योहान एकट्या मग्दालीया मरीयेचं नाव घेतो. आत कोण दिसलं? मार्कमध्ये पांढऱ्या झग्यातला तरुण, लूकमध्ये दोन पुरुष. मार्कचा शेवट तर चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत नाहीच. बायका भिऊन पळाल्या, कोणाला काही बोलल्या नाहीत, इथेच ती थांबतात.

पण माझी झोप उडाली ती रकान्यांमुळे नाही. मागच्या पावसाळ्यात भावाची मुलगी रक्ताच्या कॅन्सरने गेली. साडेचार वर्षांची. सगळ्या आळीने नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा नोव्हेना केला. शेवटी तिच्या तोंडात इतके फोड होते की पाणीसुद्धा कापसाने ओठांना लावायचो. ती कापूसच चोखत राहायची. दफनाला कोणीतरी म्हणालं, देवाला फूल आवडलं, त्याने खुडलं. तेव्हापासून चर्चमधल्या उपासनेत, मिस्साला, सगळे श्रद्धा कबूल करतात आणि माझं तोंड उघडत नाही. देव आहे असं आता वाटत नाही. मुलांशी खोटं बोलायचं नाही. वर्ग सोडू का?

जुना_अल्तारबॉय
सोडा, ताई. मी बावीसाव्या वर्षी सोडलं. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाला, लिस्बनमध्ये चर्च भरलेली असताना भूकंप झाला आणि छपरं प्रार्थना करणाऱ्यांवरच कोसळली. लिस्बन काय पॅरिस-लंडनपेक्षा जास्त पापी होतं, असं फ्रेंच लेखक व्हॉल्तेरने तेव्हाच विचारलं. मला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. दिली ती फक्त समजूत.

नगरची_मावशी
पोरी, ते फुलाचं बोलणं आधी मनातून काढून टाक. बायबलमधल्या ईयोबाची लेकरं गेली तेव्हा त्याचे मित्रही असंच देवाची बाजू घेऊन बोलत होते. शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर झाला, भांडणाऱ्या ईयोबावर नाही. वधस्तंभावर येशूनेही ‘तू माझा त्याग का केलास’ असंच विचारलं ना? मदर तेरेसांची पत्रं 2007 साली छापून आली, त्यांत वर्षानुवर्षांचा अंधार आहे. त्या तरी काम करतच राहिल्या.

रकान्यांचं म्हणशील, तर चौघांनी ठरवून लिहिलं असतं तर ते जुळलं असतं. आणि बायकांची साक्ष फारशी न मानणाऱ्या काळात पहिल्या साक्षीदार म्हणून बायका कोण रचेल?

वकील_बाबा
मावशी, बायकांचा मुद्दा वजनदार आहे. पण त्यावरून फार तर कबर रिकामी सापडली एवढंच म्हणता येईल. मेलेला उठला, हे त्यातून निघत नाही. ताईंची शंका तिथेच आहे.

वसईची_शिक्षिका
वकीलसाहेब, हो, नेमकी तिथेच. मावशी, फुलाबद्दलचं वाचून खूप रडले. सहा महिन्यांत ते चुकीचं होतं असं कोणी म्हटलंच नव्हतं. पण माझी भाची ईयोबासारखी भांडूही शकत नव्हती, तेवढं मात्र सुटत नाही.

या रविवारी वर्ग घेते, वही घेऊन जाते. चारही रकाने मुलांसमोर ठेवीन. फादरना आधी भेटून सांगेन की मी श्रद्धा कबूल करत नाही. त्यांनी नको म्हटलं तर थांबेन.