झोपाळ्याच्या तुळईतून इलेक्ट्रिक गिटार करायची आहे, लाकूड कसं कापू?

वाईची_तुळई

नमस्कार मंडळी. वाईतलं आमचं जुनं घर दिवाळीनंतर उतरवलं. भांडी, कपाटं, देवघर ज्याचं त्याने नेलं. मी फक्त माजघरातली तुळई मागून घेतली, कारण आजीचा झोपाळा तिलाच टांगलेला होता. कुजकी टोकं कापल्यावर चार फूट लांब, सात इंच रुंद आणि पाच इंच जाड असा सागाचा चांगला तुकडा हाती राहिला.

परवा एका बाजूला रंधा मारून बघितला. चुलीच्या धुराचा काळा थर निघाला आणि आतून मधासारखा रंग वर आला. खोलीभर जुन्या चामड्यासारखा वास सुटला. झोपाळ्याची कडी जिथे होती तिथे अंगठा जाईल एवढं आरपार भोक आहे. ते गोल नाही, लांबट झालंय, झोका ज्या दिशेने जायचा त्याच दिशेला घासलेलं. ते भोक मला गिटारमध्ये दिसायला हवंय.

हे खूळ डोक्यात आलं ते क्वीन बँडच्या ब्रायन मेच्या गिटारवरून. 1963 साली त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरीच करायला घेतली. नेक (गिटारची मान) जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीची, किडीची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली, ट्रेमोलोच्या (सूर हलवायच्या दांडीच्या) स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या. तीच गिटार तो आयुष्यभर वाजवत आला. (आमच्या घरून पसरणीचा घाट चढला की पाचगणी, तिथल्याच शाळेत क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला, त्यामुळे लहानपणापासून या मंडळींबद्दल आपुलकी.)

मी फर्निचरची कामं केली आहेत, वाद्य कधीच नाही. बॉडी आणि नेक दोन्ही या एकाच तुकड्यातून निघतील का? साग जड पडेल का? आणि फेव्हिकॉलने सांधा टिकेल का?

कानस_पटाशी

दादा, आधी हात थांबवा आणि खिळे शोधा. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून अगदी सावकाश फिरवा. जिथे ओढ जाणवेल तिथे खडूने खूण करा. एक तुटका खिळा रंध्याचं पातं कायमचं बाद करतो. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, ते मात्र राहू द्या, छान दिसतं.

दोन्ही निघेल. अठरा इंचांचा तुकडा बॉडीला बाजूला काढा. तो जाडीतून उभा चिरून पावणेदोन इंची दोन फळ्या करा आणि पुस्तक उघडल्यासारख्या शेजारी शेजारी जोडा. चौदा इंच रुंदी मिळते, तेवढी पुरे. उरलेल्या अठ्ठावीस-एकोणतीस इंचांतून नेक. पण नेकसाठी टोकाकडून लाकूड नीट बघा. वाढीच्या रेषा फिंगरबोर्डला (नेकवरच्या, बोटं दाबायच्या पट्टीला) काटकोनात उभ्या हव्यात. झाडाचा अगदी मधला गाभा त्यात येत असेल तर तो भाग सोडा, तिथेच चीर जाते.

चिरल्यावर लगेच जोडायला घेऊ नका. शंभर वर्षं वाळलेलं लाकूडसुद्धा कापलं की आतला ताण सुटून पीळ खातं. मध्ये पट्ट्या घालून फळ्या तीन आठवडे रचून ठेवा, मग पुन्हा रंधा मारा.

वजनाचं म्हणाल तर भरीव बॉडी अडीच किलोच्या वर जाईल. दोन किलोच्या आसपास असेल तर खांदा दुखत नाही. मागून दोन्ही बाजूंना पोकळ्या काढा आणि पातळ फळीने झाका. मधली चार इंच पट्टी भरीव ठेवा, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आणि पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकाची गुंडाळी) तिथेच बसतात.

सांध्याचा खरा शत्रू सागाचं तेल. माझी पहिली बॉडी मी रविवारी घासून ठेवली आणि पुढच्या शनिवारी चिकटवली. दोन महिन्यांत मधोमध केसाएवढी फट पडली. तेल पृष्ठभागावर येत राहतं. रंधा मारायचा, अॅसिटोनचं फडकं फिरवायचं, ते उडालं की लगेच चिकटवायचं, सगळं एकाच बैठकीत. बॉडीला फेव्हिकॉल चालतो, पण नेकवर फिंगरबोर्ड मी इपॉक्सीनेच बसवतो. नेकमध्ये ट्रस रॉड (आतून ताण सांभाळणारी सळई) घालाच, तारांची ओढ नुसत्या लाकडाच्या भरवशावर सोडू नका. आणि मास्क लावा, सागाची धूळ छातीला आणि कातडीला त्रास देते.

भोक वरच्या शिंगात (नेकशेजारी बॉडीचं जे टोक पुढे येतं त्यात) येऊ द्या. तिथे ताण नसतो.

मिरजेची_माहेरवाशीण

आमच्याकडे सतारीला तून आणि साग दोन्ही वापरतात, तेव्हा सागाची काळजी नको. मला सांगायचंय ते पडद्यांबद्दल, म्हणजे फ्रेटबद्दल. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, सूर चुकला तर सरकवता येतो. गिटारचा पडदा एकदा खाचेत ठोकला की ठोकला. त्यामुळे मापं घेताना घाई नको.

तारेची लांबी 648 मिमी धरली तर तिला 17.817 ने भागा. पहिला पडदा नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) 36.37 मिमीवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, असं पुढे. बारावा बरोब्बर 324 वर आला पाहिजे, तोच पडताळा. पण खुणा करताना प्रत्येक माप नटपासूनच घ्या. मागच्या पडद्यापासून पुढचा मोजत गेलात तर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरची चूक साठत जाते आणि वरचे सूर कानाला टोचतात. फिंगरबोर्डला शिसवी घ्या. जगभरचे गिटारवाले आपली शिसवी मागवतात, आणि आपल्याला ती इथेच मिळते.

सोल्डरगन

एकच गोष्ट. ब्रिजखालून अर्थची वायर पिकअपच्या खोबणीपर्यंत न्यायला लांब भोक लागतं, ते बॉडी रंगवायच्या आधी पाडा. नाहीतर तारांना हात लावला तरी गुणगुण थांबणार नाही. हमबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) घेणार असाल तर पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण) 500 के, म्हणजे किलोओहम, सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) 250 के.

वाईची_तुळई

पाच महिन्यांनी येतोय. अकरा खिळे निघाले, सगळे हाताने घडवलेले, चौकोनी. सांधा तुम्ही सांगितला तसाच केला, पावसाळा गेला तरी नखाला जाणवत नाही. लाखेचं पॉलिश चढवलं. बॉडी दोन किलो शंभर ग्रॅम भरली. भोक वरच्या शिंगात आहे, आत काहीही भरलेलं नाही, कडासुद्धा घासल्या नाहीत. बाबांनी गिटार हातात घेतली आणि पहिल्यांदा त्या भोकात अंगठा घातला. बराच वेळ तसेच बसून होते.

आता अडचण. सॅडल (ब्रिजवरचा तारेचा सरकता टेकू) पूर्ण मागे ओढलेली असताना 648 भरेल असा ब्रिज बसवला. जाडी ई तार बाराव्या पडद्यावर चढी वाजते आणि सॅडल मागे घ्यायला जागाच नाही. काय करू?

कानस_पटाशी

ब्रिज मागे घ्यावा लागेल. 648 हे बारीक ई तारेचं माप, आणि तेसुद्धा तिची सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे असताना. तार जाड होत जाते तशी सॅडल मागे सरकते, जाड्या ईला चार-पाच मिमी जादा लागतात.

तारा ब्रिजच्या मागूनच ओवल्या असतील तर काम सोपं आहे. ब्रिज काढा, स्क्रूची भोकं मोठी करून त्याच तुळईच्या उरलेल्या तुकड्याच्या खुंट्या इपॉक्सीने ठोका. नस बॉडीच्या नसेला जुळवा. दुसऱ्या दिवशी पटाशीने सपाट करा. मग बारीक ईची सॅडल पुढे घेऊन बाराव्या पडद्यापासून 324 मोजा आणि तिथे नवी भोकं पाडा. अर्थची वायर ब्रिजखाली पुन्हा दाबली गेली ना, ते स्क्रू आवळायच्या आधी बघा.