सल्ला हवा: घरी बांधलेल्या होडीला स्प्रे रेल कशा बसवू?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. प्लायचे तुकडे तारेने शिवून इपॉक्सीने जोडतात, त्या पद्धतीने बांधलेली माझी होडी आहे. लांबी ४.६ मीटर, रुंदी १.७ मीटर, तळाला ९ मिमी मरीन प्लाय, मागे बाहेरून लटकवलेलं १५ हॉर्सपॉवरचं इंजिन (आउटबोर्ड). सकाळी खाडी शांत असते तेव्हा काही तक्रार नाही. दुपारी खारं वारं सुटलं आणि दाभोळच्या मुखाकडे निघालो की नाळेखालचं, म्हणजे पुढच्या टोकाखालचं, पाणी बाजूच्या फळीवर चढतं आणि वाऱ्याबरोबर थेट तोंडावर येतं. आई-बाबांना फिरवून आणायचं मनात आहे, पण त्यांना असं भिजवत नेणं पटत नाही.
दोन्ही बाजूंना तीन-तीन स्प्रे रेल, म्हणजे उडणारं पाणी बाहेर वळवणाऱ्या लांब पट्ट्या, प्रत्येकी ५० मिमी रुंद, पुढून मागपर्यंत बसवाव्यात असा विचार आहे. लाकडाच्या कराव्यात की अ‍ॅल्युमिनियम अँगलच्या? जागा कशी ठरवायची?

मचवा
रेल किती आणि केवढ्या हा प्रश्न नंतरचा. आधी सांगा, तळ आणि बाजू जिथे मिळतात तो चाइनचा कोपरा धारदार आहे की गोल?

वाशिष्ठीकाठ
गोल आहे. काचेच्या कापडाची (फायबरग्लासची) पट्टी नीट बसावी म्हणून नकाशातच तसा सांगितला होता.

मचवा
मग निम्मं दुखणं तिथेच आहे. वाहतं पाणी गोल पृष्ठभागाला चिकटून वळतं, कोआंडा परिणाम म्हणतात तो हाच. तळावरून बाहेर फेकलं जाणारं पाणी गोल कोपऱ्यावरून वळून बाजूला चढतं. धार मिळाली की तिथेच सुटतं. रेलचं सगळं काम या खालच्या बाहेरच्या धारेवर चालतं. ५० मिमी रुंदीची पण कडा गोल केलेली रेल ३० मिमीच्या धारदार रेलपुढे फिकी पडेल, वर लाटांवर तळ जास्त आपटेल तो वेगळाच.
तीन जोड्या नकोत. एक रेल चाइनवर, आणि गरज वाटलीच तर तळावर आणखी एक, एवढं या मापाच्या होडीला पुष्कळ झालं.
जागा कागदावर ठरवू नका. नेहमीची माणसं आणि सामान घेऊन नेहमीच्या वेगाने होडी चालवा, आणि शेजारच्या होडीतून कुणाला तरी व्हिडिओ काढू द्या. पाण्याचा पडदा तळापासून कुठे सुटतो आणि बाजूला कुठून चढतो ते त्यात स्पष्ट दिसतं. पुढे रेल नाळेकडे वर चढत गेली पाहिजे. मागच्या अर्ध्या भागात ती कीलला, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याला, समांतर हवी, तिरपी गेली तर फरफट वाढते. दोन्ही बाजूंची मापं कीलपासून घ्या. डावी-उजवीत फरक राहिला तर होडी एका अंगाला ओढते.
चाइनची रेल ट्रान्समपर्यंत, म्हणजे मागच्या उभ्या फळीपर्यंत, नेता येते. तळावरची आतली रेल मात्र प्रोपेलरच्या निदान मीटरभर अलीकडे संपवा आणि तिचं टोक निमुळतं करा. नाहीतर रेलमागून येणारी हवा प्रोपेलरमध्ये शिरते, इंजिन नुसतं ओरडतं आणि होडी पुढे सरकत नाही.

फणसाची फळी
लाकडाबद्दल मी सांगतो. वाळलेलं, सरळ रेषेचं, बिनगाठीचं लाकूड घ्या. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. सागवान टिकतं, पण त्यातलं तेल इपॉक्सीला धरू देत नाही. चिकटवायच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावं लागतं. जाड पट्टी नाळेजवळ वळणार नाही. ७-८ मिमीच्या पट्ट्या एकावर एक इपॉक्सीने चिकटवत जा, म्हणजे वाफेचा खटाटोप वाचतो. लांबी कमी पडली तर जाडीच्या आठपट तिरपा सांधा द्या.
खालची बाजू आडवी राहील किंवा बाहेरची कड किंचित खाली झुकेल, असा आकार हवा. तुमच्या तळाचा उतार मागे समजा १२ अंश आहे. तिथे ३५ मिमी रुंद रेलची बाहेरची कड फक्त साडेसात मिमी जाड भरते. पुढे उतार ४० अंशांवर गेला की तीच कड २९ मिमी होते. एकाच कोनात कापून आणलेली तिकोनी पट्टी म्हणूनच चालत नाही. चौकोनी पट्टी चिकटवा, होडी उलटी आणि दोन्ही अंगांनी समपातळीत ठेवा, आणि रेलवर आडवी पाणसळ धरून रंधा मारत जा.

मेलबर्नचा मालवणी
माझी होडी ट्रेलरवरून जाते, त्यामुळे एक भर घालतो. रेल पक्की करण्याआधी होडी ट्रेलरवर चढवून रोलर कुठे टेकतात ते बघा. रोलर रेलवर आला तर सगळं वजन त्या कडेवर येतं.
अ‍ॅल्युमिनियम वजनाला हलकं, पण खाऱ्या पाण्यात स्टीलच्या स्क्रूभोवती ते खाल्लं जातं. शिवाय प्रत्येक स्क्रू म्हणजे तळाला एक भोक. प्लायच्या होडीला मी लाकूडच सुचवीन.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आता दोन शंका. काचेचं कापड धारेवर वळत नाही, मग धार उघडी ठेवायची का? आणि पावसाळ्यात काम करू का? होडी पडवीतच उलटी पडून आहे.

फणसाची फळी
लाकडाची कड आधी ६ मिमी गोल करा आणि त्यावर कापड चढवा. मग बाहेरच्या अंगाला पॅकिंग टेप लावलेली सरळ पट्टी आवळून बसवा आणि कोपऱ्यात सिलिका घातलेलं घट्ट इपॉक्सी भरा. सुकल्यावर पट्टी निघते, कानस मारली की धार तयार. कापड आत सुरक्षित राहतं. धार किनाऱ्यावरच्या वाळूत झिजली तर तेवढीच परत भरता येते.
चिकटवताना आतून तात्पुरते स्क्रू मारा. सुकल्यावर काढून भोकं मोठी करा आणि इपॉक्सीने बुजवा. लाकूड उघडं राहिलं तर पाणी तिथूनच प्लायमध्ये शिरतं.

मचवा
माझं मत, आषाढ-श्रावणात चिकटवू नका. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुऊन काढल्याशिवाय पॉलिश पेपर मारला तर पुढचा थर सुटतो. लाकडाचा ओलावाही तेव्हा हातात नसतो. आत्ता पट्ट्या कापून घरात वाळायला ठेवा, चिकटवायचं काम दसऱ्यानंतर. आणि आधी फक्त चाइनची जोडी बसवून मुखापर्यंत जाऊन या. आतली जोडी लागतेय का, ते त्या फेरीनंतरच ठरवा.

वाशिष्ठीकाठ
ठरलं. चाइनचीच जोडी, ३५ मिमी. लाकडाच्या वखारीत उद्याच जातो. दसऱ्यानंतर व्हिडिओ इथेच टाकेन, त्यावरून आतल्या रेलचं सांगा.