मसुद्यानंतरचा आराखडा

निबंध लिहायला बसण्यापूर्वी संपूर्ण आराखडा तयार करावा, ही नेहमी दिली जाणारी सूचना योग्यच आहे. मात्र महाविद्यालयीन निबंधात विद्यार्थ्याचे मत बहुधा लिहितानाच पक्के होत जाते, त्यामुळे पहिला मसुदा संपेपर्यंत तो आराखडा बराचसा निरुपयोगी झालेला असतो. म्हणून मसुदा पूर्ण झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा समासात एका वाक्यात लिहावा आणि केवळ तीच वाक्ये सलग वाचावीत. एखाद्या परिच्छेदासाठी दोन वाक्ये लागली, तर तो विभागावा. दोन परिच्छेदांना एकच वाक्य पुरले, तर ते एकत्र करावेत. आणि ज्याच्यासाठी वाक्यच सुचत नाही तो परिच्छेद, कितीही कष्टाने लिहिलेला असला तरी, वगळावा. (हे सर्वांत जड जाते.) प्रस्तावना याच टप्प्यावर नव्याने लिहावी, कारण निबंध प्रत्यक्षात काय सिद्ध करतो हे आता कुठे स्पष्ट झालेले असते. विरोधी मत शेवटी एका ओळीत उरकणे मला पटत नाही. त्यातील सर्वांत सबळ युक्तिवाद निवडून त्याला पुराव्यासह उत्तर द्यावे. शुद्धलेखन आणि संदर्भांची मांडणी मात्र त्यानंतरच तपासावी.