कागदावर गेलेली चूक : तुमचे अनुभव सांगा

काल लेकीच्या शाळेच्या फाटकावर फलक पाहिला, 'शिक्षक दीन'. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बिचारा. घरी येईपर्यंत १९९८ सालचं आमचं पतसंस्थेचं ऑफिस डोळ्यांसमोर उभं राहिलं.

मी तेव्हा ठराव टाईप करायचे. 'जामीनदारांच्या संमतीने कर्जाची मुदत वाढवावी' असा ठराव होता. माझ्या हातून 'रां'वरचा अनुस्वार राहिला. 'जामीनदाराच्या' झालं आणि वसुलीच्या माणसाने एकाचीच सही घेतली. दुसरे जामीनदार, सत्तरीचे, एस.टी.ने आले. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बाई, मला न विचारताच?" मला उत्तर देता येईना. आजही प्रत्येक कागद मी ओळीखाली बोट धरून वाचते.

तुमच्याकडे असं काही घडलंय का? लिहा.

*

सातबारा!! आजोबांच्या नावातल्या 'घ'चा 'ध' झालेला. आधारवर बरोबर, उताऱ्यावर चूक, पीककर्जाची फाईल तिथेच अडली. कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज, जुने फेरफार शोधा, बाबांच्या सात-आठ खेपा. तेही ऐन पेरणीत.

*

अगदी. आमचं रेशनकार्ड. नंतर लिहिते, कुकर लावलाय.

*

वीस वर्षं मुद्रितशोधन करतोय. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरं बिघडतात, खास करून ऱ्य. एका सहलीच्या पत्रकात 'सह्याद्रीच्या दर्या' छापून गेलं. दर्या म्हणजे समुद्र! पाच हजार प्रती पुन्हा छापल्या, खर्च प्रेसच्या मालकाने सोसला. स्क्रीनवर कितीही वाचा, एकदा कागदावर काढून वाचाच.

*

दादा, फोनवर ते अक्षर कसं काढायचं? माझंही दर्याच होतं.

*

ऱ हे खाली टिंब असलेलं वेगळं अक्षर आहे. र दाबून धरून बघा. मग पाय मोडायचा, मग य.

*

मी थोडं वेगळं बोलते. ऑफिसात मी 'पानी' म्हणाले की हसायचे. मी विदर्भातली, घरी असंच बोलतो आम्ही. बोली चुकीची नसते, ते हसणं मला अजून लागतं. पण एका मॅडमनी जवळ बसवून साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शिकवले. १९६२चे चौदा, १९७२चे आणखी चार, एवढेच. 'कवी' दीर्घ पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व, हे मला तिथे कळलं. आता विभागाची सगळी पत्रं माझ्या नजरेखालून जातात.

*

ताई, वाचून भरून आलं. मला 'व्हतं'वरून ऐकवायचे.

*

नियुक्तीपत्रात मी एका मुलाचं आडनाव चुकवलं. बँकेत पगाराचं खातं उघडेना. पहिला पगार दहा दिवस उशिरा, त्याचं घरभाडं थकलेलं. त्याने मला एक शब्द सुनावला नाही, तेच जास्त बोचतं. आता नावं आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघते.

*

धागा काढणाऱ्या ताई, त्या काकांचं पुढे काय झालं?

*

साहेबांनी ठराव दुरुस्त करून घेतला, दिलगिरीचं पत्र दिलं. काकांनी सही केली, पण आधी अख्खा कागद माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. 'जामीनदारांच्या' आलं तसं म्हणाले, "हां, आता."

*

आला आला! दऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर. आभार दादा.