'वंगण', 'निर्जंतुक' आणि 'बूड'

प्रौढांसाठीच्या एका आरोग्यपुस्तिकेचा मजकूर मराठीत लिहितेय. 'सेक्स टॉय'ला काय म्हणावं? 'लैंगिक खेळणी' लिहिलं की मलाच हसू येतं. 'ल्युब्रिकंट'ला 'वंगण' चालेल का?

प्रतिसाद

जुना शब्द हवा असेल तर कामसूत्राच्या सातव्या अधिकरणात 'अपद्रव्य' आहे. सोनं, रुपं, तांबं, हस्तिदंत, शिंग अशी यादीच दिलीय तिथे. बाभ्रव्य या जुन्या आचार्याच्या अनुयायांच्या मते कथील आणि शिशाचीही चालतात, मऊ आणि थंड म्हणून. शिसं! पण हा शब्द आज वापरू नका, वाचकाला वाटेल कचऱ्याबद्दल चाललंय. सरळ 'सेक्स टॉय' लिहा, सगळ्यांना कळतं.

'वंगण' मात्र नकोच. तो गाडीच्या आसाचा शब्द. वाचला की हात तेलाच्या बाटलीकडे जाणार, आणि तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटतो. 'ल्युब' लिहा आणि कसला तेही लिहा. वॉटर-बेस्ड, म्हणजे पाण्यात बनवलेला ल्युब जवळजवळ सगळ्या टॉयना चालतो. सिलिकॉनचा ल्युब सिलिकॉनच्याच टॉयला लावला तर पृष्ठभाग चिकट, खडबडीत होऊ शकतो.

प्रतिसाद

मूळ मजकुरात 'वापरानंतर निर्जंतुक करा' असं वाक्य असेल तर ते आधी खोडा. मराठीत धुणं, उकळणं आणि निर्जंतुक करणं या तीन वेगळ्या क्रिया आहेत. रोजच्यासाठी 'धुणं' पुरे : कोमट पाणी, सौम्य बिनवासाचा साबण, मग पूर्ण कोरडं करणं. ओलसर टॉय पिशवीत कोंबला की धुण्यावर पाणी पडलं म्हणायचं. 'उकळणं' फक्त निव्वळ सिलिकॉनच्या किंवा स्टीलच्या टॉयसाठी, आत मोटर-बॅटरी नसेल तरच, ५ ते १० मिनिटं.

जेली किंवा टीपीई (रबरासारखं प्लास्टिक) यांच्या मऊ टॉयसाठी 'सच्छिद्र' हा नेमका शब्द आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत जंतू राहतात, कितीही घासा. त्यावर कंडोम चढवावा. जोडीदार बदलला किंवा गुदद्वाराकडून योनीकडे जायचं असलं, की कंडोम नवा. हे सगळ्याच टॉयना लागू.

('बॉडी-सेफ'चं भाषांतर करत बसू नका. पाकिटावर ते कोणीही छापतं. टॉय कशाचा बनलाय ते वाचा म्हणावं.)

प्रतिसाद

'वॉटरप्रूफ'ला 'जलरोधक' केलंत तर लोक बादलीत बुडवतील. पाकिटावरचा आकडा द्या : आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे, आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं.

मूळ प्रश्नकर्ती

'फ्लेअर्ड बेस'वर अडलेय. 'रुंद तळ' लिहिलंय, पण निर्जीव वाटतं.

प्रतिसाद

अहो, 'पसरट बूड'! तांब्याला असतं तसं. गुदद्वारात वापरायच्या टॉयला ते हवंच, नाहीतर तो आत ओढला जातो. अडकलाच तर घरी चिमटे घालून खटपट करू नये, डॉक्टरांकडे जावं. त्यांनी याहून विचित्र काहीबाही काढलेलं असतं.

मूळ प्रश्नकर्ती

'बूड' घेतलं. संपादकांनी भुवया उंचावल्या, पण पर्याय त्यांनाही सुचला नाही.