ग्लोबल टेबलात फंक्शन पॉइंटर: 'कॉन्स्टंटच हवा' हा सीचा हट्ट बरोबर का?

अर्धविराम (धागाकर्ता): सीमध्ये ग्लोबल किंवा स्टॅटिक व्हेरिएबलचा इनिशियलायझर (सुरुवातीची किंमत) कॉन्स्टंटच, म्हणजे प्रोग्राम धावण्याआधीच ठरलेला, लागतो. फंक्शनचं नाव (म्हणजे त्याचा पत्ता) चालतं, फंक्शन कॉल करून मिळालेला पॉइंटर चालत नाही. माझ्या मते हा नियम आहे तसाच राहावा. हँडलरांचं (गरजेनुसार बोलवायच्या फंक्शन्सचं) टेबल स्टॅटिक कॉन्स्ट केलं, की मायक्रोकंट्रोलरवर ते सहसा फ्लॅशमध्येच राहतं, रॅम वाचते. शिवाय ते भरायला मेनच्या आधी कुठलाही छुपा कोड धावत नाही.

शून्यपॉइंटर: साफ असहमत. एका कॉन्स्ट पॉइंटरमध्ये फंक्शनचा पत्ता ठेवा आणि तोच पॉइंटर पुढच्या ओळीत टेबलात टाका. जुना जीसीसी कंपायलर म्हणायचा, 'इनिशियलायझर एलिमेंट इज नॉट कॉन्स्टंट'. कॉन्स्ट लिहूनही कॉन्स्टंट नाही! सी++ हेच मुकाट्याने घेतं. सी23 या स्टँडर्डमध्ये कॉन्स्टेक्सप्र (खरा कॉन्स्टंट जाहीर करायचा शब्द) आलं तेव्हा वाटलं सुटलो, तर तिथे पॉइंटर फक्त नल (कुठेच न दाखवणारा) असला तरच चालतो. म्हणजे पुन्हा मॅक्रो, कंपाइल होण्याआधी नावाच्या जागी मजकूर टाकायचा जुना उपाय.

वाचनमात्र: मॅक्रोच्या मुद्द्याला +1.

लिंकरभाऊ: दोघंही 'कॉन्स्टंट' शब्दावर फार विसंबताय. लिनक्सवर एक्झिक्युटेबल पीआयई (मेमरीत कुठल्याही पत्त्यावर लोड होणारं) असेल तर फंक्शनचा पत्ता लोड होतानाच ठरतो. त्यामुळे ते टेबल रोडेटात (फाइलच्या कायम रीड-ओन्ली भागात) नाही, डेटा-रेल-आरओ सेक्शनमध्ये जातं. लोडर एकेक नोंद दुरुस्त करतो, मग रेलरो ही संरक्षणाची सोय मेमरीची ती पानं रीड-ओन्ली करतं. 64-बिटवर तोच पत्ता इंटमध्ये कास्ट करून पाहा, कंपायलर अडवतो. पत्ता अर्धा कापून भरायची सोय रिलोकेशनमध्ये (पत्ते नंतर भरण्याच्या नोंदींमध्ये) नाही.

अर्धविराम: मान्य, पण लिहितो लोडर, माझा कोड नाही. सी++मध्ये टेबल रनटाइमला भरलं जात असेल आणि दुसऱ्या फाइलमधल्या ग्लोबल ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरने ते आधीच वापरलं, तर हाती नल येतो आणि प्रोग्राम मेनपर्यंत पोचतच नाही. फाइलींमधला क्रम स्टँडर्डने ठरवलेलाच नाही. लिंक करताना ऑब्जेक्ट फाइलींचा क्रम बदलला की बग गायब, हा तर आणखी मनस्ताप. शेवटी सी++20 ला कॉन्स्टइनिट (रनटाइमला भरावं लागलं तर कंपायलरने अडवावं, असं सांगणारा शब्द) आणावंच लागलं ना?

शून्यपॉइंटर: आणलं, पण ज्याला हवं त्याने लिहायचं. सरसकट बंदी नाही. आणि माझी मागणी रनटाइम कोडची नाहीच. थेट नाव लिहिलं तर जो पत्ता लिंकर भरतो, तोच कॉन्स्ट पॉइंटरमधून आला तर का अडवायचा?

लिंकरभाऊ: त्यासाठी कंपायलरला त्या पॉइंटरची किंमत लक्षात ठेवावी लागेल. ऑप्टिमायझर एरवी तेच करतो म्हणा. फक्त तो पॉइंटर दुसऱ्या फाइलमध्ये, एक्स्टर्न (इथे फक्त नाव, किंमत तिकडे) असेल तर काय करणार, तेवढं सांगा.