मदत हवी आहे : ५० मीटरला झिरो पक्का, पण १०० ला क्लिक दिले की ग्रुप डावीकडे सरकतो

नमस्कार मंडळी,

तीन रविवार यातच गेले, आता डोकं चालेनासं झालंय. रायफल पॉइंट टू टू, बोल्ट ॲक्शन. काडतूस ४० ग्रेन स्टँडर्ड वेलॉसिटी, म्हणजे नळीतून निघताना सेकंदाला सुमारे ३२५ मीटर. स्कोपचा, म्हणजे वर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीचा, मध्य नळीच्या मध्यापासून ४ सेंमी वर. स्कोपच्या नॉबचा एक क्लिक पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग).

५० मीटरचा झिरो, म्हणजे जिथे नेम तिथेच गोळी, छान बसलाय; ग्रुपमधली पाच गोळ्यांची भोकं एकमेकांना चिकटून येतात. २५ मीटरला ग्रुप सेंटीमीटरभर वर लागतो. आधी मला तीच चूक वाटली, क्लिक खाली केले आणि ५० चा झिरो घालवून बसलो. नळी किंचित वर रोखलेली असते, गोळी नजरेची रेषा ओलांडून वर चढते आणि ५० ला परत तिच्यावर उतरते, हे नंतर समजलं. ते सोडा.

खरं दुखणं १०० मीटरला आहे. क्लिक न देता मारलं तर ग्रुप वीतभर खाली, मोजून २४ सेंमी, पण अगदी मध्याच्या सरळ रेषेत. १०० ला एक क्लिक सव्वासात मिमी धरून ३३ क्लिक वर दिले. उंची जमली, पण ग्रुप ३ सेंमी डावीकडे! मग ४ क्लिक उजवीकडे दिले, तो मध्यात आला. ते ३३ क्लिक परत उतरवून ५० ला मारलं, तर आता दीड सेंमी उजवीकडे. वारा नव्हता. माउंटचे स्क्रू घट्ट आहेत. स्कोप बिघडलाय का? नवीन घेण्याआधी विचारतोय.

उत्तर १ :
पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेमही हललेला दिसणं, तपासलात का? रायफल सँडबॅगवर ठेवा आणि तिला धक्का न लावता डोकं थोडं इकडेतिकडे करा. क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) टार्गेटवरून सरकली तर पॅरलॅक्स आहे, मग गाल दर वेळी एकाच जागी टेकायला हवा.

उत्तर २ :
पॅरलॅक्स किंवा वारा असता तर क्लिक न देताही ग्रुप भरकटला असता. तुमचा फक्त क्लिक दिल्यावर सरकतो, हीच खूण आहे. तुमच्या क्रॉसहेअरची उभी रेघ डावीकडे कललीय. नॉब गोळीला त्या रेघेच्या दिशेने वर नेतो. २४ सेंमी चढताना ३ सेंमी बाजूला म्हणजे साधारण ७ अंश. आडवे क्लिक देऊन हे सुटणार नाही, दर अंतराला नवा घोळ होईल.

५० मीटरवर ओळंबा टांगा. जाड पांढरी दोरी, खाली वजन. रायफल रिकामी, बोल्ट उघडा. नेहमीसारखी धरा आणि उभी रेघ दोरीवर बसते का बघा. नसेल तर आधी रायफल सरळ आहे ना ते पाहा. रायफल सरळ आणि रेघ तिरपी, तर रिंग सैल करून स्कोप फिरवा. दोन्ही तिरपे, तर तुमची पकड बघावी लागेल. मग ओळंब्यानेच कागदावर रेघ मारा, तिच्या खालच्या टोकावर नेम कायम ठेवून ०, २० आणि ४० क्लिकवर तीन-तीन गोळ्या मारा. भोकं रेघेवरूनच चढली पाहिजेत, २० क्लिकला सव्वासात सेंमी.

धागाकर्ता :
दोरीसमोर रेघ चक्क तिरपी दिसली! रायफल सरळ होती. रिंगच्या एका बाजूचे स्क्रू मी आधी पूर्ण आवळले होते, त्यातच स्कोप फिरला असणार. या वेळी दोन्ही बाजू आलटून पालटून थोड्या थोड्या आवळल्या, आणि दर वेळी दोरी बघितली. ५० ला झिरो नव्याने केला. ४० क्लिकचे तिन्ही शॉट रेघेवर, साडेचौदा सेंमी वर. स्कोप ठणठणीत आहे. १०० मीटरची लेन पुढच्या रविवारी मिळेल, तेव्हा ३३ क्लिकचा कागद इथे टाकतो.